लिऊ शाओ-ची : पद आणि माणूस

आपल्याकडे राष्ट्रपती म्हटले की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारे, मानाचे परंतु सत्तेपासून काहीसे अलिप्त असे पद डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मान आणि सत्ता एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेली असतात. समाजवादी राष्ट्रांत मात्र या पदाला तिसरीच गती लाभली. तेथे सत्तेचे खरे आसन पक्षात असल्यामुळे राष्ट्रप्रमुखाच्या खुर्चीचे वजन घटनेची कलमे वाचून कळत नाही. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे पक्षात स्थान कोणते, यावरून ते ठरते. सोव्हिएत रशियात मिखाईल कालीनिन १९१९ पासून १९४६ पर्यंत राष्ट्रप्रमुख म्हणून मिरवले. १९३८ साली त्यांच्या पत्नीला अटक होऊन तिची रवानगी श्रमछावणीत झाली, आणि राष्ट्रप्रमुख आपल्या कार्यालयात बसून कायद्यांवर व हुकमांवर सह्या करीत राहिले. चीनमध्ये या पदाची कथा याहूनही विलक्षण आहे. ते निर्माण झाले, रिकामे पडले, घटनेतून पुसले गेले आणि पुन्हा लिहिले गेले. लिऊ शाओ-ची यांच्या चरित्राशी ही कथा अशी गुंतलेली आहे की एक सांगावी तर दुसरी सांगावीच लागते.

लिऊ यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८९८ रोजी हुनान प्रांतातील निंगश्यांग जिल्ह्यात, हुआमिंगलौ परिसरातील एका खेड्यात झाला. माओ त्से-तुंग यांचे शाओशान हे गाव शेजारच्याच श्यांगतान जिल्ह्यातले. दोन्ही घरांत एका दिवसाच्या पायपिटीहून अधिक अंतर नव्हते. माओ पाच वर्षांनी वडील. दोन्ही घरे खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांची आणि दोन्ही मुलांना वाचनाचे वेड. लिऊ भावंडांच्या क्रमात नववे. ज्याच्या घरी पुस्तक असेल त्याच्या दारी जाऊन वाचीत बसण्याच्या त्यांच्या सवयीमुळे गावकऱ्यांनी त्यांना लिऊंच्या घरचे नववे ग्रंथकपाट असे टोपणनावच देऊन टाकले होते. स्वभाव मात्र दोन टोकांचे. माओ कविवृत्तीचे, भव्य कल्पनांत रमणारे, लहरी. लिऊ अबोल, कृश, नोंदी ठेवणारे, शिस्तीवर आणि नियमांवर श्रद्धा असणारे. १९१५ साली जपानने चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या तेव्हा विद्यार्थ्यांत उसळलेल्या क्षोभात या अबोल मुलानेही आपल्या नावाची अक्षरे बदलली. उच्चार तोच, वेई-हुआंग. पण नव्या अक्षरांचा अर्थ होत होता पीतवंशाचा रक्षक. पुढे शाओ-ची हे नाव रूढ झाले आणि वेई-हुआंग मागे पडले.

१९२१ साली ते मॉस्कोला गेले. तेथे पूर्वेकडील श्रमिकांसाठी काढलेल्या कम्युनिस्ट विद्यापीठात त्यांनी काही महिने शिक्षण घेतले आणि त्याच वर्षी पक्षाचे सभासदत्व स्वीकारले. दुसऱ्याच वर्षी परतल्यावर त्यांना जिआंगशी प्रांतातील आन-युआनच्या कोळसाखाणींवर पाठविण्यात आले. सप्टेंबर १९२२ मध्ये तेथील खाणकामगार आणि रेल्वे कामगार मिळून दहा हजारांहून अधिक माणसांनी संप पुकारला. संपाचे दुसरे पुढारी ली ली-सान यांच्या जिवाला धोका असल्याने त्यांना आडोशाला राहावे लागत होते. बोलणी करण्यासाठी खाणीच्या कचेरीत एकटे गेले ते तेवीस वर्षांचे लिऊ. आत त्यांना दमदाटी होत असता बाहेर कामगारांची गर्दी वाढत गेली. पाच दिवसांत, एकही बळी न जाता, मालकांनी बहुतेक मागण्या मान्य केल्या. चिनी कामगार चळवळीच्या आरंभकाळात इतका स्वच्छ विजय क्वचितच मिळाला असेल. हा विजय पुढे कोणाच्या नावावर लावला गेला, ते ओघाने येईलच.

त्यानंतरची चौदा-पंधरा वर्षे बव्हंशी भूमिगत अवस्थेत गेली. शांघाय, वुहान, मांचुरिया, तिएन्त्सिन अशी गावे आणि नावे बदलत ते कामगार संघटनांचे जाळे विणीत होते. ऑगस्ट १९२९ मध्ये मांचुरियात शेनयांगच्या एका सूतगिरणीत त्यांना अटक झाली. ठोस पुरावा न मिळाल्याने थोड्याच काळात सुटका झाली. पत्नी हो पाओ-चेन यांना १९३३ साली शांघायमध्ये पकडण्यात आले आणि १९३४ मध्ये नानकिंग येथे गोळ्या घालून ठार करण्यात आले. तीन लहान मुले तीन दिशांना पांगली. १९३६ साली उत्तर चीनमधील पक्षकार्याची सूत्रे लिऊंकडे आली. त्या वेळी पीकिंगच्या तुरुंगात खितपत पडलेल्या एकसष्ट कार्यकर्त्यांनी साम्यवाद सोडल्याच्या निवेदनावर नाममात्र सह्या करून बाहेर पडावे, अशी सूचना त्यांनी केली आणि पक्षनेतृत्वाने ती मान्य केली. माणसे वाचली, कामाला लागली. तीस वर्षांनी त्या सह्यांचाच आधार घेऊन या सर्वांवर फितुरीचा शिक्का मारण्यात आला.

१९३९ च्या जुलैमध्ये येनानच्या गुहांत भरणाऱ्या पक्षशाळेत लिऊंनी चांगला साम्यवादी कसा घडावा या विषयावर व्याख्याने दिली. ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढे लक्षावधी प्रतींनी खपली. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील आत्मसंयमाची साधना आणि लेनिनची पक्षशिस्त यांचा त्यात मेळ घातलेला आहे. पक्षाकडून गैरसमज झाला, अन्याय झाला, तरी कार्यकर्त्याने तो निमूटपणे सोसावा आणि पक्षावरील निष्ठा ढळू देऊ नये, अशी शिकवण त्यांनी तेथे आवर्जून दिली. १९४५ च्या सातव्या अधिवेशनात पक्षघटनेतील बदलांचा अहवालही त्यांनीच मांडला, आणि माओ त्से-तुंग यांचा विचार हा पक्षाच्या सर्व कार्याचा मार्गदर्शक आहे, हे कलम त्यांच्याच पुढाकाराने त्या घटनेत आले. माओंच्या व्यक्तिपूजेची पायाभरणी करणाऱ्यांत लिऊंचा क्रमांक फार वरचा आहे. त्यांच्या शोकांतिकेचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर पाच वर्षे कामचलाऊ व्यवस्था होती. सप्टेंबर १९५४ मध्ये पहिली राज्यघटना संमत झाली. राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेपुढे मसुद्यावरील अहवाल वाचला तो लिऊ शाओ-ची यांनीच. राष्ट्राध्यक्षाचे पद या घटनेने प्रथम निर्माण केले. पस्तीस वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकास लोकप्रतिनिधी सभा चार वर्षांसाठी या पदावर निवडू शकत होती. राष्ट्राध्यक्षाने कायदे जारी करावेत, पंतप्रधानाचे नाव सुचवावे, परदेशी वकिलांना भेटी द्याव्यात. एवढ्यावर हे पद शोभेचे ठरले असते. परंतु सैन्याचे आधिपत्य, संरक्षण परिषदेचे अध्यक्षपद आणि सर्वोच्च राज्यपरिषद बोलावण्याचा अधिकारही त्याला दिलेला होता. आपल्या राष्ट्राचे प्रमुखपद एका व्यक्तीचे नसून लोकप्रतिनिधी सभेची स्थायी समिती आणि राष्ट्राध्यक्ष यांचे मिळून सामुदायिक आहे, असे स्पष्टीकरण लिऊंनी अहवालात केले. राष्ट्राध्यक्षाला दूर करण्याचा अधिकार फक्त लोकप्रतिनिधी सभेचा. न्यायालयाच्या निर्णयावाचून अथवा सरकारी अभियोक्त्याच्या संमतीवाचून कोणाही नागरिकाला अटक होणार नाही, अशीही हमी होती. घटना पाळण्यात पक्षसभासदांनी इतरांपुढे आदर्श ठेवावा, असे लिऊंनी त्या प्रसंगी बजावले. माओ राष्ट्राध्यक्ष झाले, लिऊ स्थायी समितीचे अध्यक्ष.

अवघ्या चार वर्षांत या कागदाची शाई फिकी पडू लागली. १९५७ च्या उजव्यांविरुद्धच्या मोहिमेत पाच लाखांहून अधिक माणसांवर शिक्के बसले आणि त्यांतील अनेकांना न्यायालयाचे तोंड न पाहता श्रमछावण्यांत जावे लागले. ऑगस्ट १९५८ मध्ये पेताइहो येथील बैठकीत कायद्याचे राज्य की माणसांचे राज्य, असा विषय निघाला. तेव्हा कारभार शेवटी माणसांच्याच भरवशावर चालतो, कायदा फार तर संदर्भासाठी उपयोगी, असे मत लिऊंनी दिले. घटनेचा अहवाल वाचणाऱ्याच्या तोंडी हे मत यावे याचे आज आश्चर्य वाटते. त्या बैठकीत कोणाला वाटल्याची नोंद नाही.

दैनंदिन समारंभांतून मोकळे होऊन सिद्धांतचिंतनाला वेळ द्यावा, अशी इच्छा माओंनी व्यक्त केली होती. तीनुसार २७ एप्रिल १९५९ रोजी लोकप्रतिनिधी सभेने लिऊ शाओ-ची यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. माओ पक्षाचे अध्यक्ष राहिले, आणि पक्षाच्या लष्करी आयोगाचेही. येथे घटनेतील अधिकार आणि प्रत्यक्ष सत्ता यांची फारकत झाली. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारताच्या सीमेवर चिनी फौजा उतरल्या तेव्हा घटनेप्रमाणे त्या सैन्याचे अधिपती लिऊ होते. निर्णय मात्र माओंच्या अध्यक्षतेखालील पक्षवर्तुळात झाले. त्या काळात आपल्याकडे प्रत्येकाच्या तोंडी माओ आणि चौ एन-लाय ही दोनच नावे होती. चीनला याखेरीज एक राष्ट्राध्यक्षही आहे, याची आठवण फारच थोड्यांना झाली असेल.

तथापि चीनमध्ये या पदाला हळूहळू एक तेज चढू लागले होते. राष्ट्रीय दिनी वृत्तपत्रांत दोन्ही अध्यक्षांची छायाचित्रे शेजारी शेजारी, एकाच आकाराची छापली जात. लिऊंनीही हे पद समारंभापुरते ठेवले नाही. ऑक्टोबर १९५९ मध्ये आदर्श कामगारांच्या संमेलनात पीकिंगमध्ये घरोघरचा मैला वाहणारे शी चुआन-श्यांग यांचा हात हातात घेऊन त्यांनी हस्तांदोलन केले. तुमचे काम हे वाटणीने आलेले समाजाचे काम आणि माझेही तसेच, अशा आशयाचे ते बोलले, आणि लिहायला शिका म्हणून त्यांनी आपल्याजवळील फाउंटन पेन त्यांना दिले. ते छायाचित्र देशभर गाजले. आपल्याकडे ज्या कामाची शिवाशिव अजून माणसाच्या मनातून गेलेली नाही, त्या कामाच्या संदर्भात हा प्रसंग वाचताना थबकायला होते.

याच सुमारास चीनच्या खेड्यांत माणसे उपाशी मरत होती. १९५८ साली सुरू झालेल्या महाझेपेत लिऊ माओंच्या बरोबरीने उभे होते. १९५९ च्या उन्हाळ्यात लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग तेह-हुआय यांनी खेड्यांतील हलाखीविषयी माओंना पत्र लिहिले आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांचे पद गेले. तेव्हा नूतन राष्ट्राध्यक्षांनी पेंग यांच्या निषेधातच आपला आवाज मिसळला. डोळे उघडले ते दोन वर्षांनी, स्वतःच्या गावी.

एप्रिल १९६१ च्या आरंभी लिऊ पत्नी वांग कुआंग-मेई यांच्यासह हुनानमध्ये उतरले आणि चव्वेचाळीस दिवस तेथील खेड्यांत राहिले. स्वागत नको, सरबराई नको, असे त्यांनी आधीच कळविले होते. एका डुक्करवाड्याच्या पडक्या खोलीत गवत पसरून त्यांनी मुक्काम केला. अधिकारी सांगत की लोकांना पोटभर धान्य मिळते. राष्ट्राध्यक्षांनी रानात पडलेली माणसाची वाळलेली विष्ठा काडीने फोडून पाहिली. तीत धान्याचा अंश नव्हता, रानटी पाल्याचे धागे होते. अहवालांच्या ढिगाऱ्यांनी जे लपविले होते ते एका काडीने उघड केले. मे महिन्याच्या आरंभी ते आपल्या जन्मगावी गेले. बहीण भेटली; मेहुणा उपासमारीने गेला होता. गावकऱ्यांना गोळा करून त्यांनी चाळीस वर्षांनी गावी येऊन हे पाहावे लागल्याबद्दल क्षमा मागितली आणि दोष वरच्या मंडळींचा असल्याचे मान्य केले. सामुदायिक भोजनशाळा मोडून लोकांना आपल्या चुलीवर शिजवून खाण्याची मोकळीक द्यावी, यासाठी ते तेथूनच प्रयत्नाला लागले. त्यांचे जुने घर स्मारक म्हणून राखून ठेवलेले होते. ते स्मारक बंद करून घर आणि त्यातील सामान बेघर शेतकऱ्यांना वाटून द्यावे, असे सांगून ते निघाले.

जानेवारी १९६२ मध्ये पीकिंगला सात हजार पदाधिकाऱ्यांची परिषद भरली. दहा बोटांपैकी नऊ बोटे यशाची आणि एक अपयशाचे, ही माओंची आवडती उपमा. लिऊंनी हे प्रमाण सर्वत्र लागू पडत नाही असे स्पष्ट सांगितले. काही भागांत आपत्तीतील तीन वाटे निसर्गाचे आणि सात वाटे माणसांच्या चुकीचे आहेत, असे खुद्द शेतकरी म्हणतात, हेही त्यांनी सभेला ऐकविले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, चोंगनानहायच्या पोहण्याच्या तलावाकाठी, दोघांत तीव्र शब्द झाले. माणसांनी माणसे खाल्ल्याचे इतिहासात लिहिले जाईल आणि त्यात तुमचे-माझे नाव असेल, असे लिऊ माओंना बोलून गेले. वांग कुआंग-मेई यांनी पुढे ही आठवण सांगितली आहे. त्या दुष्काळातील मृत्यूंचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीतील सर्वांत धैर्याचे क्षण हेच, आणि त्यांच्या नाशाचे बीजही येथेच पडले.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र त्यांचा उत्कर्षच दिसत होता. अर्थव्यवस्था सावरू लागली होती. १९६३ साली त्यांनी इंडोनेशिया, ब्रह्मदेश, कंबोडिया आणि उत्तर व्हिएतनामचा दौरा केला. इंडोनेशियात वांग कुआंग-मेई यांनी चिनी पद्धतीचा रेशमी पेहराव आणि गळ्यात माळ घातली. ही साधी गोष्ट माओ-पत्नी चिआंग चिंग यांच्या मनात सलून राहिली. डिसेंबर १९६४ मध्ये ग्रामीण मोहिमेच्या धोरणावरून पुन्हा खटका उडाला. माओ पुढच्या बैठकीला राज्यघटना आणि पक्षघटना अशा दोन्ही पुस्तिका घेऊनच आले. मी या देशाचा नागरिक आहे आणि पक्षाचा सभासदही आहे, तेव्हा मला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, असे त्यांनी विचारले. रोख लिऊ आणि डेंग शियाओ-पिंग यांच्याकडे होता. लिऊंनी नंतर आत्मटीका केली. जानेवारी १९६५ मध्ये लोकप्रतिनिधी सभेने त्यांना पुन्हा राष्ट्राध्यक्ष निवडले. त्यानंतर ही सभा भरली ती थेट दहा वर्षांनी.

१९६६ च्या मार्च-एप्रिलमध्ये लिऊ पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि ब्रह्मदेशच्या दौऱ्यावर होते. परतून येईपर्यंत राजधानीतील त्यांच्या सहकाऱ्यांचे आसन डळमळले होते. सांस्कृतिक क्रांतीची नांदी ठरलेले १६ मेचे परिपत्रक ज्या बैठकीत संमत झाले, तिचे अध्यक्षस्थान लिऊंकडेच होते. माओ हांगचौला राहून सूत्रे हलवीत होते. आपल्याच पतनाचा ठराव आपण चालवीत आहोत, हे त्या शिस्तप्रिय माणसाला उमगले की नाही, हे सांगणे कठीण. विद्यापीठांतील गोंधळ आवरण्यासाठी त्यांनी पक्षाची कार्यपथके धाडली, ती रूढ पद्धतीनेच. या पथकांनी अनेक विद्यार्थ्यांवर प्रतिक्रांतिकारक असा ठपका ठेवला, हेही खरे. ५ ऑगस्ट १९६६ रोजी माओंनी मुख्यालयावर तोफा डागण्याचे आवाहन करणारे भित्तिपत्रक लिहिले. लिऊंचे नाव त्यात नव्हते. त्याची गरजही नव्हती. पक्षाच्या क्रमवारीत ते दुसऱ्या स्थानावरून आठव्यावर गेले.

१३ जानेवारी १९६७ च्या रात्री माओंनी त्यांना बोलावून घेतले. चुकांची सारी जबाबदारी माझी, कार्यकर्त्यांना मोकळे करावे, मी सर्व पदे सोडतो आणि बायकामुलांसह येनानला किंवा गावी जाऊन शेती करतो, अशी विनंती लिऊंनी केली. माओंनी त्यावर होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. वाचायला काही पुस्तके सुचविली आणि प्रकृतीची काळजी घेण्यास सांगितले. थोड्याच दिवसांत लिऊंच्या घरचा दूरध्वनी तोडण्यात आला. एप्रिलमध्ये चिंगहुआ विद्यापीठाच्या मैदानात वांग कुआंग-मेई यांना बळजबरीने तो इंडोनेशियाच्या दौऱ्यातला पेहराव चढवून, गळ्यात टेबलटेनिसच्या चेंडूंची माळ घालून प्रचंड जमावापुढे उभे करण्यात आले.

५ ऑगस्ट १९६७ रोजी, भित्तिपत्रकाच्या पहिल्या वर्धापनदिनी, चोंगनानहायच्या आवारात राष्ट्राध्यक्षांची निंदासभा भरली. वय अडुसष्ट. हात मागे पिरगाळून त्यांना कंबरेत वाकविले होते, चेहरा सुजला होता, पायांतील जोडे निघून गेले होते. वांग कुआंग-मेई यांनी धरणाऱ्यांना हिसडा देऊन क्षणभर पतीचा हात घट्ट धरला. दोघांची ती अखेरची भेट ठरली. खोलीत परत आणल्यावर लिऊंनी घंटा वाजवून आपल्या चिटणिसाला बोलावले आणि टेबलावरून राज्यघटनेची पुस्तिका काढून हातात धरली. मी या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष आहे. माझ्या जिवाचे काय करायचे ते करा, पण या पदाचा मान राखला पाहिजे. मला पदावरून कोणी दूर केले, सभा कधी भरली, असे त्यांनी विचारले. नागरिकाच्या देहाला घटनेचे संरक्षण आहे, याचीही आठवण करून दिली. मुद्दे बिनतोड होते. १९५४ च्या सप्टेंबरात त्यांनीच ते सभेला समजावून सांगितले होते. ऐकायला समोर चिटणीस तेवढा होता. दोन दिवसांनी त्यांनी माओंना पत्र लिहून राजीनामा देऊ केला. उत्तर आले नाही. सप्टेंबरात वांग कुआंग-मेई यांना अटक झाली आणि मुलांना घराबाहेर काढले गेले.

१९२९ ची ती अटक आता उकरून काढली गेली. साक्षीदारांना कोंडून, छळून जबान्या लिहून घेण्यात आल्या. ऑक्टोबर १९६८ मध्ये मध्यवर्ती समितीची बैठक झाली तेव्हा मूळ सभासदांपैकी निम्म्याहून अधिक गैरहजर होते. कोणी कैदेत, कोणी मृत. ३१ ऑक्टोबरला या बैठकीने फितूर, छुपा हेर आणि संपफोड्या असे तीन शिक्के मारून लिऊंना पक्षातून कायमचे हाकलले आणि सर्व पदांवरून दूर केल्याचे जाहीर केले. राष्ट्राध्यक्षाचे पद काढून घेण्याचा अधिकार या समितीला मुळीच नव्हता. चेन शाओ-मिन या एकाच सभासद स्त्रीने हात वर केला नाही. आन-युआनचा संप ज्याने जिंकून दिला त्याला संपफोड्या ठरविण्यात आले, हे तर विशेषच. १९६१ साली रंगविलेल्या एका चित्रात लिऊ आन-युआनच्या कामगारांचे नेतृत्व करताना दिसतात. ते चित्र नाहीसे झाले. त्याऐवजी १९६७ साली रंगविलेले, तरुण माओ एकटेच छत्री घेऊन आन-युआनकडे निघाल्याचे चित्र कोट्यवधी प्रतींनी घराघरांत पोचले. मैला वाहणाऱ्या शी चुआन-श्यांगनाही त्या एका हस्तांदोलनापायी छळ सोसावा लागला. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हकालपट्टीची बातमी लिऊंना ऐकविण्यात आली ती २४ नोव्हेंबरला, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी. त्यांना दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या. त्यानंतर ते कोणाशी बोलले नाहीत. न्यूमोनिया आणि मधुमेह यांनी शरीर पोखरले होते; नाकातील नळीतून अन्न द्यावे लागे. १७ ऑक्टोबर १९६९ रोजी, रशियाशी युद्ध भडकेल या भीतीने राजधानीतील नेत्यांना बाहेर हलविण्यात येत असता, त्यांना रजईत गुंडाळून विमानाने होनान प्रांतातील कायफेंगला नेले. तेथे एका जुन्या बँकेच्या इमारतीत १२ नोव्हेंबरच्या पहाटे त्यांचा अंत झाला. दोन दिवसांनी मध्यरात्री दहन झाले. दहनाच्या अर्जावर मृताचे नाव होते लिऊ वेई-हुआंग, व्यवसाय काही नाही. १९१५ च्या क्षोभात एका विद्यार्थ्याने घेतलेले नाव असे परत आले. लोकप्रतिनिधी सभा मधल्या काळात भरलीच नसल्यामुळे, घटनेच्या काटेकोर अर्थाने पाहिले तर त्या पहाटे मरण पावला तो चीनचा राष्ट्राध्यक्ष होता. बायकामुलांना कोणी कळविले नाही. मुलांना ते समजले १९७२ साली.

रिकामे पडलेले हे पद १९७० साली पुन्हा वादाचा विषय झाले. नव्या घटनेत ते असावे असा लिन पिआओंच्या गोटाचा आग्रह, तर ते नकोच असे माओंचे मत. त्यातून वाढलेल्या संशयाचा शेवट १३ सप्टेंबर १९७१ रोजी मंगोलियात कोसळलेल्या विमानात झाला. जानेवारी १९७५ च्या घटनेत राष्ट्राध्यक्ष हा शब्दच उरला नाही. सैन्याचे आधिपत्य उघडपणे पक्षाध्यक्षाकडे गेले आणि वकिलांच्या भेटी स्थायी समितीकडे.

माओ १९७६ मध्ये गेले. २९ फेब्रुवारी १९८० रोजी संपलेल्या मध्यवर्ती समितीच्या अधिवेशनाने लिऊंवरील सर्व आरोप खोटे असल्याचे जाहीर केले. त्यांच्याशी संबंध जोडून चालविलेल्या सुमारे २२ हजार खटल्यांत २८ हजारांहून अधिक माणसांना शिक्षा झाल्या होत्या, असे न्यायालयीन फेरतपासणीत आढळले. अकरा वर्षे तुरुंगात काढून १९७८ अखेर सुटलेल्या वांग कुआंग-मेई यांच्या हाती मे १९८० मध्ये अस्थी देण्यात आल्या. १७ मे रोजी राजधानीत शोकसभा झाली. श्रद्धांजलीचे भाषण केले ते त्यांच्याबरोबरच पदच्युत झालेल्या आणि आता सत्तेवर आलेल्या डेंग यांनी. दोन दिवसांनी नौदलाच्या जहाजावरून, चिंगताओपासून दूर समुद्रात, अस्थी विसर्जित करण्यात आल्या. तशी लिऊंचीच इच्छा होती.

४ डिसेंबर १९८२ च्या घटनेने राष्ट्राध्यक्षपद परत आणले. नागरिकाची मानहानी करण्यास बंदी करणारे नवे कलमही तीत आले. पद मात्र ते जुने नव्हते. सैन्याचे आधिपत्य त्याला मिळाले नाही, ते वेगळ्या लष्करी आयोगाकडे गेले. मुदत पाच वर्षांची, आणि लागोपाठ दोन मुदतींहून अधिक काळ कोणी बसू नये असा दंडक. १९८३ मध्ये ली शिएन-निएन, १९८८ मध्ये यांग शांग-कुन असे ज्येष्ठ पुढारी त्यावर आले. निर्णय डेंग घेत. मार्च १९९३ मध्ये जिआंग झेमिन यांच्याकडे पक्ष, सैन्य आणि राष्ट्राध्यक्षपद अशी तिन्ही सूत्रे आली, आणि तेव्हापासून पक्षाचा प्रमुख तोच राष्ट्राध्यक्ष असा प्रघात पडला. एका आकाराच्या दोन छायाचित्रांचा प्रश्न त्यामुळे उरला नाही. ११ मार्च २०१८ रोजी लोकप्रतिनिधी सभेने दोन मुदतींची मर्यादा काढून टाकली. ठरावाच्या बाजूने २,९५८ मते पडली, दोन विरोधात. तिघे तटस्थ राहिले.